शेडमधली चाळीस मिनिटं

मोठ्या मिस्त्रींच्या छातीत पहिली कळ आली तेव्हा ते बसखालच्या खड्ड्यात उभे होते आणि हातात पाना होता. कळ खांद्यातून कोपरापर्यंत उतरली, कपाळावर घाम डवरला, तरी माणूस वर आला नाही. हातातला नट पुरता आवळला, शेजारचा तपासला, मग पायऱ्या चढून वर आले आणि म्हणाले, "जरा बसतो." ते बसले, आणि उठले ते तिसऱ्या दिवशी, दवाखान्यातल्या खाटेवर.

"नट अर्धवट सोडून कसा येणार होतो?" असं त्यांनी बायकोला विचारलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. असल्या माणसाशी तिने तेहतीस वर्षं संसार केला होता.

बायकोला सारा डेपो मिस्त्रीणबाई म्हणायचा, पण तिचा स्वतःचा धंदा शिवणाचा. बस डेपोच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्यांची रांग होती. तिच्यातल्या शेवटच्या दोन खोल्या यांच्या. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हापासून घरात दोघंच. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन. बसच्या सीटची कव्हरं, ड्रायव्हरांचे गणवेश, फाटलेले पडदे, सगळं तिच्या सुईखालून जायचं. मापाची पक्की बाई. गळ्यात टेप आणि बोटात अंगुस्तान असल्याशिवाय तिला उघडंबोडकं वाटायचं.

दवाखान्यात हृदयाच्या नळीत जाळी बसवली. मग रक्त तपासलं तर साखर निघाली, दंडाला पट्टा बांधला तर रक्तदाब निघाला. मिस्त्री म्हणाले, "एक चोर पकडायला गेले आणि घरात तिघं सापडले." विडी-सिगारेट ओढता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी छाती फुगवून सांगितलं की आयुष्यात नाही ओढली. बाकी मात्र सगळं होतं. दिवसाला दहा-बारा कप गोड चहा, भूक लागेल तेव्हा कँटीनचे तळलेले बटाटे, आणि जेवणाची वेळ म्हणजे गाडी सुटल्यावर उरेल ती.

डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, पण बोलणं खणखणीत. तेल कमी, मीठ कमी, साखर बंद, गोळ्या वेळेवर, आणि रोज चाळीस मिनिटं चालणं. तीन महिने कामाला सुट्टी. तीन महिन्यांनी तिघा डॉक्टरांचं मंडळ तपासणार. पास झाले तर मिस्त्री परत शेडमध्ये, नाही तर मुदतीआधी घरी.

हे "घरी" मिस्त्रींना सगळ्यात जास्त लागलं. "मला घरी बसवलं तर मी गंजून मरेन," ते म्हणाले. "जाळी बसवली ती फुकट जाईल."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्या डेपोत अडतीस गाड्या होत्या आणि अडतीस गाड्यांची नाडी या एका माणसाला कळायची. रोज पहाटे पाचला सगळी इंजिनं एकदम सुरू करायची आणि अर्धा तास तापवायची, हा त्यांचा नियम. त्यांच्या उस्तादाने त्यांना शिकवला, त्यांनी डेपोला लावला. अर्धा तास ते रांगेतून फिरायचे. इंजिनाला कान लावायचे, मागे जाऊन वाकून धूर हुंगायचे. काळा धूर म्हणजे काय, निळा म्हणजे काय, पांढरा म्हणजे काय, हे त्यांना न बघता नुसत्या वासावरून कळायचं. संशय आला की पुढच्या टायरवर खडूने फुली मारायची. फुली मारलेली गाडी डेपोच्या साहेबांनी सांगितलं तरी बाहेर जात नसे. त्यामुळे या डेपोची गाडी रस्त्यात बंद पडून उतारू पायी चालले, असं क्वचित घडायचं. दुसऱ्या डेपोचे लोक येऊन विचारायचे, तुमच्याकडे कुठलं यंत्र आहे? साहेब मिस्त्रींच्या कानाकडे बोट दाखवायचे.

आता तो कान घरात बसला होता आणि मिस्त्रीणबाईने स्वयंपाकघरात शिवणाची शिस्त आणली होती. तेल लहान चमच्याने मोजून. मीठ कागदाच्या पुडीत, दिवसाची एक पुडी. साखरेचा डबा तर तिने उचलून शेजारणीला देऊन टाकला. मिस्त्री ताटाकडे बघून विचारायचे, "ही भाजी आजारी आहे का?"

"भाजी धडधाकट आहे. खाणारा आजारी आहे."

"मग भाजीला का शिक्षा?"

तरी खायचे. कुरकुरत का होईना, शेवटच्या घासापर्यंत. आणि दर रविवारी ती त्यांच्या कमरेला टेप लावायची. पहिल्या महिन्यात कंबर दोन बोटं उतरली. शिवणाऱ्या बाईला दोन बोटं म्हणजे काय ते कळतं. तिने विजारीची शिवण उसवून आत घेतली, तीही कौतुकाने.

चालण्यात तर माणूस घड्याळासारखा. पहाटे पाचला मफलर गुंडाळून बाहेर पडायचे, पावणेसहाला घरात. बाहेर थंडी मी म्हणत असायची, पण एक दिवस चुकवला नाही. ती उठून चुलीवर पाणी ठेवायची आणि मनात म्हणायची, या हट्टी माणसाने हट्ट एकदाचा चांगल्या कामाला लावला.

अशा तयारीने दोघं महिन्याच्या तपासणीला गेली, पास झालेल्या मुलाच्या आईबापांसारखी. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. रक्तदाब गेल्या वेळेपेक्षा वर. साखर जिथली तिथे. जिना चढताना मिस्त्रींना दोनदा थांबावं लागलं होतं, तेही त्यांनी विचारून काढून घेतलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी मिस्त्रीणबाईकडे बघितलं.

"बाई, घरी काय, बाहेर काय, मला खरं सांगा. हे आकडे पथ्य करणाऱ्याचे नाहीत."

मिस्त्रीणबाईने टेपची गोष्ट सांगितली, दोन बोटं सांगितली. डॉक्टरीणबाई "हं" म्हणाल्या, पण ते "हं" नुसतं ऐकून घेतल्याचं होतं, पटल्याचं नव्हतं. परतीच्या वाटेवर तिच्या डोक्यात एकच चालू होतं. मी मोजून घालते, मग मोजमाप चुकतंय कुठे? माझ्या घरात नाही. म्हणजे बाहेर. आणि बाहेर म्हणजे कँटीन.

घरी आल्यावर तिने खुंटीवरचा त्यांचा सदरा काढला आणि नाकाला लावला. तळणाचा वास शोधत होती. वास आला तो नुसत्या धुराचा, चुलीत घातल्यासारखा.

"काय हुंगतेस?" मिस्त्री दारातून म्हणाले. "धूर हुंगायचं काम माझं आहे."

"बटाटे हुंगतेय. खाल्लेत का?"

"तेहतीस वर्षांत तुझ्याशी कधी खोटं बोललो?"

"बोललात. लग्नाआधी म्हणाला होतात, मला चहा फारसा लागत नाही."

मिस्त्री हसले, पण दुखावले गेले होते. त्या रात्री ते पुडीतलं मीठही न घालता जेवले. मुद्दाम, तिला दिसेल असे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते बाहेर पडले आणि पाठोपाठ मिस्त्रीणबाई. अंगावर शाल, आणि पावलं अशी हलकी की चपला हातात घेतल्यासारखी. आपण म्हातारपणी नवऱ्याच्या मागावर निघालो, कुणी बघितलं तर काय म्हणेल, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला हसूही आलं. मिस्त्री कँटीनच्या दारावरून सरळ पुढे गेले. तिकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. तिला बरं वाटलं. मग ते शेडच्या लहान दारातून आत शिरले, आणि तीही शिरली.

आत अडतीस इंजिनं एकदम घुरघुरत होती. थंडी म्हणून शेडची लोखंडी शटरं निम्म्याच्या खाली ओढलेली. वरचे दिवे लावलेले, पण उजेड खाली पोचत नव्हता. दिवे पिवळ्या ताकात बुडवल्यासारखे दिसत होते. आणि त्या ताकातून तिचा नवरा हात हलवत, पाठ ताठ करून, डॉक्टरांनी सांगितलं तसा झपाझप चालत होता. भिंतीच्या कडेने टोकापर्यंत, तिथून वळून गाड्यांच्या मागून परत. घाण्याचा बैल तरी मधे थांबतो. हे थांबायचे ते फक्त एखाद्या गाडीच्या मागे, वाकून हुंगायला.

"कितवी फेरी, मिस्त्री?" एका ड्रायव्हरने काचेतून विचारलं.

"दुसरी. तुझा पंखा किंचाळतोय, पट्टा बघून घे."

सुट्टी होती, कामाला हात लावायचा नव्हता. पण चालायला कुणी बंदी केली नव्हती. एका दगडात दोन पक्षी. बाहेर थंडी, अंधार, कुत्री. इथे भिंतींची ऊब, ओळखीची माणसं, आणि गाड्यांची तब्येतही कळते. मिस्त्रीणबाईला सगळं एका क्षणात उमगलं, आणि त्याच क्षणी तिला असा खोकला सुटला की डोळ्यांतून पाणी आलं.

पाठीवर एक ओला हात पडला. गाड्या धुणारी मावशी होती. साठीची, वाळलेल्या शेंगेसारखी, कमरेला चिंध्यांचा जुडगा.

"वहिनी, तुम्ही इथे कुठे?"

"नवरा चोरून काय खातो ते बघायला आले."

"तो काय, बघा की," मावशी रांगेकडे हात करून म्हणाली. "पोटभर खातोय." मग तिने एका गाडीच्या पुढच्या काचेवरून चिंधी फिरवली. चिंधी काळी झाली. "ही मी चार वाजता धुतली होती. इंजिनं लागताच परत ही गत. सात वर्षं सांगतेय, एक तर मला नंतर धुवू द्या नाही तर ही धुरी थांबवा. पण मिस्त्रींचा नियम. नियम म्हटल्यावर काय, काच पुसता येते, छाती कशाने पुसायची?"

मिस्त्रीणबाई घरी आली आणि मशीनवर बसून राहिली. आता हे सांगायचं कसं? नवऱ्याला ती ओळखून होती. हा तोंडी पुरावा मानणारा माणूस नव्हता. त्याच्या हातात भाग काढून द्यावा लागतो, बोट लावून बघितल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. तिने पेटीतून पांढरं अस्तर काढलं, दोन घड्या केल्या आणि त्यांच्या मफलरच्या आतून टाचलं, नेमकं नाकातोंडावर येईल तिथे.

"हे काय?"

"ऊब राहते. नाक झाकून चाला, थंडी बाधेल."

तीन पहाटे ते अस्तर चाललं. चौथ्या दिवशी सकाळी तिने मफलर टेबलावर ठेवला, कात्रीने टाके उसवले आणि अस्तर काढून त्यांच्यापुढे पसरलं. मधोमध दोन काळे ठिपके, नाकपुड्यांच्या मापाचे. भोवती राखाडी मळभ.

मिस्त्रींनी चष्मा चढवला. ठिपक्यावर बोट घासलं, अंगठ्याशी चोळलं, नाकाशी नेलं. इंजिनाचं तेल तपासतात तसंच. आणि म्हणाले, "यात चौदा नंबरची गाडी आहे. तिचं डिझेल नीट जळत नाहीये."

"आणि तुमचं?"

त्यांनी बोट विजारीला पुसलं.

"हे अस्तराने अडवलं तेवढं," ती म्हणाली. "आधीचा महिनाभर अस्तर नव्हतं. आणि त्याआधीची तीस वर्षं मी धरतच नाही."

"तीस वर्षं हेच खाल्लं. काही झालं नाही."

"छातीत जाळी काय हौसेने बसवलीत?"

त्याच दिवशी ती अस्तराचा तुकडा पिशवीत घालून नवऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तुकडा उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "तुम्ही चालता कुठे?"

मिस्त्रींनी सांगितलं.

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. "किती चालता ते मी विचारलं. कुठे चालता ते विचारलंच नाही. चूक माझी." मग त्या मिस्त्रीणबाईकडे वळल्या. "आणि बाई, तुमच्यावर मी संशय घेतला. तुमचा टेप बरोबर होता." पोरीने एवढं सरळ बोलावं, हे मिस्त्रीणबाईला फार आवडलं. मोठेपण वयावर नसतं, ते तोंडातून चूक निघताना दिसतं.

मग त्यांनी मिस्त्रींना मिस्त्रींच्याच भाषेत सांगितलं. इंजिनाला हवेची गाळणी असते, ती तुम्ही किती वेळा बदलता? माणसाची गाळणी बदलता येत नाही. आणि या काजळीतले बारीक कण असे की ते गाळणीतून आरपार जातात, फुफ्फुसातून रक्तात उतरतात. नळ्या आखडतात, आतून सुजतात, रक्तदाब चढतो, साखरसुद्धा हट्टाला पेटते. त्यात तुम्ही झपाझप चालणार, म्हणजे बसल्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट हवा आत ओढणार. एका हाताने पथ्य, दुसऱ्या हाताने विष.

"म्हणजे शेडबाहेर चाललो की झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुमच्यापुरतं बरंच होईल."

दुसऱ्या दिवसापासून ते पाण्याच्या टाकीकडच्या मागच्या रस्त्याने चालायला लागले. उजाडल्यावर, झाडांखालून. मिस्त्रीणबाईला वाटलं, सुटलो. पण माणूस गप्प झाला. जेवताना भाजीला नावं ठेवीना. पाचला शेडमधली इंजिनं सुरू झाली की अंथरुणात उठून बसायचे आणि साडेपाचपर्यंत तसेच बसून असायचे. तिसऱ्या दिवशी ते साहेबांच्या कपाटातून एक जाड पुस्तक घेऊन आले. नव्या गाड्या आल्या तेव्हा कंपनीने दिलेलं, प्लास्टिकच्या पिशवीतून कुणी काढलंही नव्हतं.

"वाच," ते म्हणाले. "इंजिन सुरू करण्याचं पान काढ."

तिने वाचलं. गार इंजिन तीन ते पाच मिनिटं चालवावं, ब्रेकच्या टाकीत हवेचा दाब भरला की गाडी हलवावी. उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवू नये.

"परत वाच."

तिने तीनदा वाचलं. मिस्त्री भिंतीकडे बघत होते. "नऊ वर्षं हे कपाटात होतं. उस्तादांच्या काळात इंजिनं वेगळी, तेल वेगळं. तेव्हा अर्धा तास लागायचाच. नव्या गाड्या आल्या आणि मी जुनाच नियम लावला. कुणी विचारलं तर ओरडलो."

मिस्त्रीणबाईला पुढचं दिसायला लागलं. तिने पुस्तक मिटलं. "हे बघा. तपासणीला दीड महिना राहिलाय. आता काही बोलू नका. मागच्या रस्त्याने चाला, दाखला घ्या, परत कामावर जा, आणि मग सांगा काय ते."

"दीड महिना म्हणजे पंचेचाळीस सकाळी. ती मावशी रोज तिथे असते. ड्रायव्हर असतात. पोरगेले आहेत त्यात."

"आणि अर्धा तास गेला तर तुमचं तिथे काम काय उरलं? तुमचा कान त्या अर्ध्या तासावरच चालतो ना? मंडळाला कारणच पाहिजे. यांच्यावाचून अडत नाही म्हटलं की घरी बसवतील."

"तेच तर तीन दिवस मोजतोय," मिस्त्री म्हणाले. "तू मोजण्यात हुशार. तू मोजून सांग, कुठे कमी पडतंय."

उत्तर दोघांनाही माहीत होतं. आपल्या नवऱ्याला ती हट्टी म्हणायची, कानसेन म्हणायची, कधी कधी बैलही म्हणायची. मोठा माणूस असं मात्र तिने त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, तेही मनातल्या मनात, कारण तोंडावर म्हटलं असतं तर तो चढून बसला असता.

नियम मोडायचा म्हटल्यावर साहेब आधी कचरले. एखादी गाडी रस्त्यात बंद पडली तर? "माझ्या नावावर लिहा," मिस्त्री म्हणाले. सोमवारी पहाटे सगळे ड्रायव्हर, धाकटे मिस्त्री, धुलाईवाले शेडसमोरच्या उघड्या आवारात जमले, हातात चहाचे कप घेऊन. मिस्त्रीणबाईही शाल गुंडाळून मागे उभी राहिली. शटरं त्या दिवशी प्रथमच पुरती वर होती, आणि एकही इंजिन चालू नव्हतं. इतकी शांतता होती की कुणी घोट घेतला तरी ऐकू येत होता.

मिस्त्रींना भाषण करता येत नव्हतं. ते म्हणाले, "अर्धा तास तापवायचा नियम माझा. तो चुकीचा निघाला. नऊ वर्षं मी तुम्हाला विनाकारण धूर पाजला आणि स्वतःही प्यायलो. आजपासून गाड्या रात्री बाहेर आवारातच लावायच्या आणि सुटायच्या पाच मिनिटं आधी सुरू करायच्या. ब्रेकची हवा भरली की निघायचं."

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. एवढ्या वर्षांचा वाघ समोर उभा राहून म्हणत होता की माझी डरकाळी खोटी होती. शेवटी एक ड्रायव्हर, जो रोज उशिरा यायचा म्हणून ज्याचं नावच सगळ्यांनी घड्याळ ठेवलं होतं, तो म्हणाला, "मिस्त्री, म्हणजे आता अर्धा तास उशिरा यायचं का?"

"तू तसाही येतोस."

हशा पिकला आणि वातावरण सैल झालं. मागून धुलाईची मावशी म्हणाली, "मी सात वर्षं हेच सांगत होते."

"मावशी, मी ऐकलं नाही," मिस्त्री म्हणाले. "कान इंजिनाला लावलेले होते."

मग त्यांनी सगळ्यात म्हातारी गाडी, तीच चौदा नंबरची, बाहेर काढायला सांगितली आणि स्वतः पुढच्या सीटवर बसून दोन फेऱ्या करून आले. गाडी कुठे थांबली नाही.

पण सगळं असं गोडगोड झालं असतं तर मग काय हवं होतं. पहिल्या पंधरा दिवसांत दोन गाड्या रस्त्यात बंद पडल्या. एकीची बॅटरी गेलेली, एकीचा पट्टा तुटलेला. तापवण्याशी काडीचा संबंध नव्हता, तरी कुजबुज झाली. दुखण्याने मिस्त्री हळवे झालेत, बायकोने कान भरले, कान तर आधीच गेला. मिस्त्रीणबाई नळावर हे ऐकून यायची आणि भांडी आपटायची. मिस्त्री मात्र धाकट्या मिस्त्रींना घरी बोलावून बसवायचे आणि आदल्या संध्याकाळी गाड्या परत येतानाच आवाज कसा ऐकायचा, ते शिकवायचे. जे तीस वर्षं मुठीत धरलं होतं ते त्यांनी टेबलावर मांडून ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात एकही गाडी बंद पडली नाही. मावशी सांगत आली की आता काच एकदा धुतली की पुरते.

तपासणीच्या दिवशी मंडळाने त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवलं, छातीवर तारा चिकटवल्या, रक्त घेतलं. मिस्त्रीणबाई बाहेर बाकावर बसली होती, हातात शिवायला काही नाही म्हणून बोटं चाळवत. रक्तदाब खाली आला होता. साखर उतरणीला लागली होती. पूर्ण जागेवर नाही, पण वाट धरली होती. दोन तासांनी मिस्त्री कागद घेऊन बाहेर आले आणि तिच्या हातात दिला. तिने वाचलं. कामाला योग्य. मात्र शेडमध्ये, खड्ड्यात किंवा बंद जागी काम करू नये. उघड्यावरचं हलकं काम द्यावं.

म्हणजे घरी बसवलं नाही, पण शेड गेली. मोठे मिस्त्री म्हणून जी जागा होती ती गेली. आता फाटकापाशी उभं राहून आत येणाऱ्या गाड्या तपासायच्या. तिला वाटलं, आता हा माणूस कागद फाडतो.

"बरोबर आहे त्यांचं," मिस्त्री म्हणाले. मग म्हणाले, "थांब जरा," आणि दार ढकलून परत आत गेले. दार उघडंच राहिलं, त्यामुळे तिला सगळं ऐकू आलं. "डॉक्टरसाहेब, मला तपासलंत कारण मी पडलो. माझ्याबरोबर त्या शेडमध्ये सत्तर माणसं होती. ती अजून पडली नाहीत, म्हणून त्यांना कुणी तपासलेलं नाही. पडायची वाट बघायची का?"

मंडळातल्या वयस्कर डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. मिस्त्री जाईनात. लिहिलेलं वाचून दाखवा म्हणाले.

पुढच्या महिन्यात डेपोच्या आवारात टेबल मांडलं गेलं, आणि मागे बसायला त्याच डॉक्टरीणबाई आल्या. सत्तर जणांची रांग लागली. धुलाईची मावशी काही रांगेत येईना. "मला काय धाड भरलीय?" म्हणून बादली घेऊन निघाली होती. मिस्त्रींनी फाटकावरून येऊन बादली काढून घेतली. पट्टा बांधला तर रक्तदाब एवढा निघाला की डॉक्टरीणबाईंनी तिला बाकावर बसवून ठेवलं आणि पंधरा मिनिटांनी परत मोजला. तेवढाच. एवढी वर्षं दुसऱ्यांची काच पुसणाऱ्या बाईला स्वतःचा आकडा आज पहिल्यांदा कळला.

गोळ्यांची पुडी हातात घेऊन मावशी बाकावर बसली होती. एका बाजूला मिस्त्री, दुसऱ्या बाजूला मिस्त्रीणबाई.

"मिस्त्री," मावशी म्हणाली, "ही मीठ नसलेली भाजी खाता कशी?"

"पहिले आठ दिवस रागाने खाल्ली. नंतर भुकेने."

"आणि आता?"

"आता सवयीने. उद्या उजाडल्यावर टाकीच्या रस्त्याला या चालायला. एकटं चालायला कंटाळा येतो."

मावशीने मान वळवून मिस्त्रीणबाईकडे बघितलं. "ऐकलंत ना, वहिनी? तुमचा नवरा मला फिरायला बोलावतोय."

"न्या," मिस्त्रीणबाई म्हणाली, "पण पावणेसातला परत आणून सोडा. त्यांची गोळीची वेळ असते."